वजा चोपन्न

मंगळवार, ४ मार्च

आजपासून लिहून ठेवणार आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं नोंदवही ठेवली. कुणी काचेची नळी फोडली तरी तारीख, वार, वर्ग, सगळं सापडायचं. निवृत्त झाल्यावर सवय मोडली. पण दवाखान्यात सध्या जो सावळागोंधळ चालला आहे तो पाहता पुरावा हाताशी असलेला बरा.

म्हातारे डॉक्टर गेल्या महिन्यात घरी बसले. त्यांच्या खुर्चीत आता डॉक्टरीणबाई आल्या आहेत, वयाने आमच्या लेकीएवढ्या. म्हाताऱ्या डॉक्टरांचं बरं होतं. मी दारातूनच सांगायचे, यांना खोकला आहे, लेकीला पुरळ उठलंय, की ते मान न वर करता लिहून द्यायचे. यांची ब्लडप्रेशरची गोळी सहा वर्षं मीच आणते आहे. हे स्वतः तिथे शेवटचे कधी गेले ते दोघांनाही आठवत नाही. आमच्या घरात पद्धतच तशी आहे. दुखणं ज्याचं त्याचं, सांगायचं मी. हे पाट्या रंगवतात. दिवसभर अक्षरांशी बोलून झालं की माणसांशी बोलायला यांच्याकडे काही उरत नाही.

आता मात्र सकाळी आठ वाजता फोन लावायचा, माणशी दहा मिनिटं, माणशी वेगळा फॉर्म. नोंदणीच्या खिडकीत एक मुलगी बसते. कोपरापासून वर तेवढीच दिसते, म्हणून मी तिचं नाव खिडकी ठेवलं आहे. खिडकीने विचारलं, पेशंट कुठे आहेत? म्हटलं, दुकानात. म्हणाली, मग त्यांना घेऊन या. जणू मी यांना कुठे लपवून ठेवलंय.

माझ्यासाठीही एक फॉर्म दिला. त्यावर सगळ्या रकान्यांतून एक तिरपी रेघ मारून ‘काही नाही’ लिहिलं. जुन्या फाइलवर आमची तिघांची नावं आहेत, पण आत माझ्या नावाचा एकही कागद नाही. खिडकीला ते मुद्दाम दाखवलं.

गुरुवार, ६ मार्च

यांना घेऊन गेले. हातावर पिवळ्या रंगाचे डाग तसेच होते, धुवा म्हटलं तर म्हणे ऑइलपेंट आहे, निघत नाही.

डॉक्टरीणबाईंना आकडा मिळाला एकशे छप्पन्न. झोप कशी आहे, असं यांना विचारलं. मी सांगितलं, छान आहे. डोकं दुखतं का? मी म्हटलं, नाही. मग बाई खुर्ची थोडी फिरवून यांच्याकडेच बघत म्हणाल्या, तुम्हाला काय वाटतं? यांनी माझ्याकडे पाहिलं. मला हसू आलं, बाईंना आलं नाही.

त्यांचं म्हणणं असं की काही जणांचं प्रेशर दवाखान्यात आल्यानेच चढतं. गोळी वाढवण्याआधी आठवडाभर घरी मोजा, सकाळ-संध्याकाळ. सिस्टरने दवाखान्याचं यंत्र दिलं, निळ्या पिशवीत, दंडाला बांधायचा पट्टा आणि बटण. सोबत चौकटींचा फॉर्म. मी विचारलं, हे यंत्र शेवटचं तपासलं कधी? सिस्टर हसली. मी थट्टा करत नव्हते.

शुक्रवार, ७ मार्च

बरं झालं विचारलं.

प्रयोगशाळेतला पहिला धडा. तराजूवर अनोळखी वस्तू ठेवण्याआधी ठाऊक असलेलं वजन ठेवायचं. शंभर ग्रॅमच्या जागी एकशे पाच दाखवला, तर तराजूत पाच ग्रॅमची चूक आहे, पुढच्या प्रत्येक मापातून पाच वजा करायचे. बारा वर्षांच्या पोरांना हे कळतं.

आता ब्लडप्रेशरच्या यंत्राला ठाऊक असलेलं वजन कुठून आणायचं? पण ते घरातच आहे. अकरा वर्षांपूर्वी शाळेत सगळ्यांची तपासणी झाली होती, तेव्हा माझं बरोब्बर एकशे वीस निघालं. तपासणारे म्हणाले होते, पुस्तकात असतं तसं आहे. सगळ्या शिक्षकांसमोर म्हणाले होते. तेव्हापासून मला साधा तापसुद्धा आलेला नाही.

तर आधी पट्टा मला बांधला. तीनदा मोजलं. एकशे चौऱ्याहत्तर, एकशे एकाहत्तर, एकशे सत्त्याहत्तर. सरासरी एकशे चौऱ्याहत्तर. म्हणजे हे यंत्र चोपन्न जास्त दाखवतं. इतकी चूक मी शाळेच्या मोडक्या सामानातही पाहिली नव्हती.

मग यांना बांधला. एकशे चोपन्न आले. चोपन्न वजा केले तर शंभर उरले. गणित दोनदा करून पाहिलं, शंभरच. शंभर म्हणजे कमी. आणि तिथे यांची गोळी वाढवायच्या गोष्टी चालल्या होत्या. मी डोळे झाकून यंत्रावर विश्वास ठेवला असता तर काय झालं असतं?

शनिवार, ८ मार्च

यंत्र स्थिर नाही. आज माझ्यावर एकशे अठ्ठ्याहत्तर, म्हणजे चूक अठ्ठावन्नाची. यांचे एकशे पन्नास. खरे ब्याण्णव. लगेच लिंबू, साखर आणि सढळ हाताने मीठ घालून पेलाभर पाणी दिलं. हे म्हणाले, मला तर बरं वाटतंय. यांना सगळंच बरं वाटतं. मागे शिडीवरून पडून घोटा सुजला होता तेव्हाही बरंच वाटत होतं.

लेकीचा फोन आला होता. बाबांचं सांगितलं तर घाबरली. येऊ का म्हणाली. म्हटलं, मी आहे ना, डोळ्यांत तेल घालून बसले आहे. मग तिने विचारलं, आणि तुझं गं? मी म्हटलं, माझं तर रोज मोजते, आधी माझंच. तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

काळजीने माझंच डोकं मागच्या बाजूने ठणकायला लागलं आहे.

मंगळवार, ११ मार्च

खिडकीला फोन केला. यंत्र बदलून द्या म्हटलं. तिचं एकच पालुपद, सिस्टरने परवाच नव्या बॅटऱ्या घातल्यात, तुम्ही फक्त दिसेल ते लिहा. दिसेल ते लिहा! एकतीस वर्षांत मी कुणाला हे सांगितलं असतं तर मला शाळेतून काढलं असतं. चांगलं दहा मिनिटं वाजलं आमचं. फोन ठेवला तेव्हा कानशिलं तापली होती.

तशीच जाऊन यंत्र तपासलं. चूक एकाहत्तर! माझ्या हातात फोन होता, त्याचा काही परिणाम होत असेल का? यांचे एकशे पंचावन्न होते. चौऱ्याऐंशी उरले. यांना दुकानात जाऊ दिलं नाही. हे गॅलरीत पाटीला अस्तराचा हात मारत बसले. दवाखान्याचंच काम मिळालं आहे, वेळेची नवी पाटी. मी दर तासाला पाणी नेऊन देत होते. तिसऱ्या पेल्याला म्हणाले, खारट लागतंय गं. म्हटलं, औषध आहे असं समजा.

शुक्रवार, १४ मार्च

फॉर्म भरून दिला. कच्चे आकडे माझ्या नोंदवहीत, दुरुस्त केलेले फॉर्मवर, हीच शिस्त आहे. फॉर्मवर माझी खाडाखोड कुणाला दिसणार नाही.

डॉक्टरीणबाई बुचकळ्यात पडल्या. इथे एकशे छप्पन्न आणि घरी सरासरी शहाण्णव? चक्कर येते का, असं यांना विचारलं. यांनी तोंड उघडलं होतं, पण यांचं ऐकेपर्यंत दहा मिनिटं संपली असती. मी सांगितलं, बुधवारी दाराच्या चौकटीला खांदा आपटला. हे खरंच आहे. हातात पाटी होती म्हणून आपटला असेल, पण डॉक्टरांपासून काही लपवू नये.

बाईंनी बराच विचार केला. विचारलं, मशीन नीट चालतंय ना? मी म्हटलं, रोज सकाळी मी स्वतः तपासते. तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. म्हणाल्या, सगळ्या पेशंटच्या घरी तुमच्यासारखं कुणीतरी असायला हवं. गोळी अर्धी केली. मोजत राहा, दहा दिवसांनी या, आणि एकशे साठच्या वर गेलं तर त्याच दिवशी या, असं बजावून सांगितलं.

तरंगतच घरी आले. मुलगी वाटते तितकी कच्ची नाही. जिन्यात मात्र तीनदा थांबावं लागलं. आनंदानेही दम लागतो हे माहीत नव्हतं.

सोमवार, १७ मार्च

अर्धी गोळी लागू पडते आहे. यंत्रावर एकशे अडुसष्ट, चूक साठ, खरे एकशे आठ. पाणीही चालूच ठेवलं आहे.

बारीक अक्षर वाचताना डोळ्यांपुढे काळे ठिपके तरळतात. चष्म्याचा नंबर बदलला असणार. यांचं मार्गी लागलं की बघू.

गुरुवार, २० मार्च

एकशे ऐंशी वजा चौसष्ट, एकशे सोळा. पुस्तकातल्या आकड्याला जवळजवळ टेकलो. पण हे सकाळपासून कपाळ दाबून बसले आहेत. डोकं जड झालंय म्हणतात. रंगाच्या वासाने होत असेल, खिडकी उघडी ठेवा म्हटलं.

संध्याकाळी मी यंत्र तपासत होते तेव्हा हे शेजारी येऊन बसले. एरवी कधी बसत नाहीत. विचारलं, तुझं किती आलं? म्हटलं, माझं नाही, यंत्राची चूक मोजतेय. यांनी नोंदवही ओढून घेतली आणि पहिल्या पानापासून बघत बसले. काहीतरी बोलणार होते. मी समजावून सांगितलं, ठाऊक असलेलं वजन, तराजू, वजाबाकी, सगळं. यांनी वही मिटून परत दिली. म्हणाले, तुला जास्त कळतं. सरळ माणूस आहे, वाद घालत नाही, त्यामुळेच आमचं चौतीस वर्षं निभलं.

शनिवार, २२ मार्च

आज मला भीती वाटली.

दवाखान्याची पाटी पुरी झाली म्हणून यांनी गॅलरीतून हाक मारली. गेले तर वरची ओळ ठीक आहे आणि ‘संध्याकाळी’ पासून पुढची सगळी अक्षरं उजवीकडे उतरत गेली आहेत. चाळीस वर्षांत यांचा हात केसभर हलला नव्हता. लोक म्हणतात, यांनी ओढलेल्या रेघेवर पट्टी तपासून घ्यावी. मी काही बोलायच्या आत हेच म्हणाले, दोन-दोन दिसतात गं अक्षरं. कधीपासून? तर म्हणे परवापासून. परवापासून, आणि मला सांगितलं नाही.

लगेच मोजलं. एकशे नव्वद. आधी स्वतःवर तपासलं होतं, चूक सहासष्ट. खरे एकशे चोवीस. तीनदा वजाबाकी केली. एकशे चोवीसच. म्हणजे प्रेशरमध्ये दोष नाही. मग दोष डोक्यातच असणार. मेंदूत गाठ असली की दोन-दोन दिसतं, असं शाळेतल्या शिपायाच्या बायकोचं झालं होतं. चार महिन्यांत गेली ती.

उद्या रविवार, दवाखाना बंद. लेकीला अजून कळवलं नाही, काय सांगू? हे शांत झोपले आहेत आणि मी पाटीकडे बघत बसले आहे. देवा, मला काहीही कर, यांना काही करू नकोस.

रविवार, २३ मार्च

हे दिवसभर पडून होते. जेवण गेलं नाही. एकशे ब्याण्णव, एकशे अठ्ठ्याण्णव. चूकही वाढतेच आहे, आज ब्याऐंशी. उरतात ते आकडे नेहमी चांगलेच. हे मला कळेनासं झालं आहे.

किल्ली दोनदा माझ्या हातातून पडली.

शुक्रवार, २८ मार्च

काल दोघं घरी आलो. सोमवारचं आज लिहिते आहे, कारण आधी लिहायची हिंमत नव्हती.

सोमवारी सकाळी यांना उलटी झाली. आठची वाट न बघता यांना धरून दवाखान्यात नेलं. खिडकीने एका नजरेत पाहिलं आणि फॉर्म, नंबर काही न विचारता आतलं दार उघडलं. तिच्याबद्दल मागे जे लिहिलं आहे ते खोडणार नाही, पण हेही लिहिते.

सिस्टरने मोजलं, दोनशे दोन. तिच्या हालचाली भराभर व्हायला लागल्या. मी तिला थांबवलं. म्हटलं, घाबरू नका, तुमच्या या यंत्रातही तीच चूक असणार, एकाच कंपनीची आहेत, ऐंशी वजा करा.

डॉक्टरीणबाईंनी गोळी यांच्या हातावर ठेवता ठेवता विचारलं, “कशातून वजा करा?”

मी नोंदवही दिली. मला वाटलं, आता डॉक्टरीणबाईंना गाठीचं काहीतरी समजेल. बाईंनी पहिल्या पानापासून वाचलं, एकेका ओळीवर बोट ठेवून. यांनी डोळे मिटले होते. सिस्टर फोनवर गाडी बोलवत होती.

“ही रोजची पहिली ओळ कुणाची आहे?”

“यंत्राची.”

“हात कुणाचा?”

“माझा. पण माझं एकशे वीस असतं,” मी म्हटलं. “मी ठणठणीत आहे.”

बाई उठल्या. भिंतीवर म्हाताऱ्या डॉक्टरांचं पाऱ्याचं जुनं मापक अजून आहे. त्याचा पट्टा माझ्या दंडाला बांधला आणि रबरी फुगा दाबायला लागल्या. पारा नळीतून वर चढताना मी स्वतः पाहत होते. बाईंनी हवा सोडत आणली आणि कानाला ठोका लागला तशी बोटाने काचेवर जागा दाखवली. पारा कसा वाचायचा हे मला कुणी शिकवायला नको. डोळा समांतर धरून मी वाचला. दोनशे सहा.

पारा खोटं बोलत नाही, हे मी एकतीस वर्षं पोरांना सांगत आले.

“यंत्र पहिल्या दिवसापासून बरोबर होतं,” बाई म्हणाल्या. आवाज अगदी हळू होता. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

पुढचं सगळं मला एका दमात कळलं. एकशे चोपन्न होते ते एकशे चोपन्नच होते. एकशे ऐंशी ते एकशे ऐंशी. मी रोज सकाळी उठून माझं दुखणं यांच्या दुखण्यातून वजा करत होते आणि उरलेल्या आकड्यावर खूश होत होते. यांची गोळी मी अर्धी करवली. वरून पेले भरभरून मीठ पाजलं. हे खारट म्हणाले तर म्हटलं औषध समजा. मला तिथे रडूही आलं नाही. मी फक्त, यांना वाचवा, यांना वाचवा, एवढंच म्हणत राहिले. सिस्टरने मला खांद्याला धरून बसवलं आणि म्हणाली, दोघांनाही जायचंय हॉस्पिटलमध्ये, एकाच गाडीत.

तीन दिवस शेजारच्या खाटांवर होतो. यांच्या मेंदूत गाठ वगैरे काही नाही. जे झालं ते प्रेशरनेच झालं, डोळ्यांचंही हळूहळू ठीक होईल म्हणतात. अजून दोन दिवस गेले असते तर काय झालं असतं ते तिथल्या डॉक्टरांनी सांगायला सुरुवात केली होती, पण माझा चेहरा पाहून थांबले. काल लेक घरी येऊन गेली. जाताना तिने यंत्राची निळी पिशवी उचलून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवली. मग काय वाटलं कोण जाणे, परत काढून यांच्या उशाशी ठेवली.

डॉक्टरीणबाई बुधवारी हॉस्पिटलात येऊन गेल्या. म्हणाल्या, चूक माझीही आहे, तुमचा नीटनेटका फॉर्म पाहून मी कच्चे आकडे मागितले नाहीत. त्यांनी असं म्हणायला नको होतं. त्यांनी विचारलं होतं, मशीन नीट चालतंय का, आणि मी छाती पुढे काढून उत्तर दिलं होतं.

यांची माफी मागितली. हे म्हणाले, पाणी मीच प्यायलो ना.

बुधवार, २ एप्रिल

आज माझी वेळ होती. माझी एकटीची. हे सोबत आले, पण खिडकीने यांना बाहेरच्या बाकावर बसवलं. आत जाण्याआधी यांनी खिडकीला चार घड्यांचा एक कागद दिला आणि हळूच काही सांगितलं. मला वाटलं, पाटीच्या कामाचं काही असेल.

डॉक्टरीणबाईंनी नवी फाइल उघडली. वर माझं नाव, आत कोरा कागद. विचारलं, काय होतंय तुम्हाला?

मी म्हटलं, यांचं डोकं आता दुखत नाही, दोन-दोन दिसायचं कमी झालंय, फक्त भूक...

त्यांनी पेन खाली ठेवलं. मीही थांबले. मला खरंच दुसरं काही सुचेना. परीक्षेला बसावं आणि प्रश्न न शिकवलेल्या धड्यातला यावा, तसं झालं.

मग त्यांनी तो कागद काढून माझ्यासमोर ठेवला. म्हणाल्या, तुमच्या मिस्टरांनी दिलाय. माझ्यासाठी आहे, पण तुम्हीच वाचलेला बरा.

यांचं पाटीवरचं अक्षर, पेनाने लिहिलेलं. ओळ आता पुन्हा सरळ आली आहे.

‘डॉक्टर, मला बोलायला जमत नाही म्हणून लिहितो. ती सकाळी उठताना भिंत धरते. एक वर्ष झालं. फोनवर लेकीशी बोलताना मधेच शब्द सापडत नाही, मग खोकला आल्यासारखं करते. बसल्या जागी झोप लागते आणि उठल्यावर म्हणते डोळे मिटले होते. मागच्या महिन्यात दोनदा चहात साखर घालून पुन्हा घातली. डाव्या हाताने भांडं उचलत नाही. वहीतले आकडे पाहिले तेव्हा मला कळलं होतं. बोलायला हवं होतं. चौतीस वर्षं सगळं तीच सांगते, मला वाटलं तिला कळत असेल. तिला विचारलं तर ती ठणठणीत आहे म्हणेल. खोटं बोलत नाही ती, तिला खरंच माहीत नाही. तिला बरं करा. मला दुसरं कुणी नाही.’

मी ते दोनदा वाचलं. हा माणूस माझ्याकडे बघतो, हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, हे फक्त अक्षरं बघतात. आणि चहात दुसऱ्यांदा साखर पडली होती तर प्यायले कसे निमूटपणे? मला इतका राग आला, इतका राग आला, आणि मग मी बाईंसमोर टेबलावर डोकं ठेवून रडले. त्यांनी रडू दिलं.

“आता सांगा,” त्या म्हणाल्या.

“भीती वाटते.”

“कशाची?”

“हे एकटे कसे...” मी सुरुवात केली, आणि ते वाक्य मधेच सोडून दिलं. “मला काही होईल याची. माझी मला.”

“कधीपासून?”

“आत्ता. हे वाचल्यापासून.”

बाईंनी ते लिहून घेतलं. मी उलट्या बाजूने वाचत होते, माझ्या नावाखाली पहिली ओळ. मग भिंत धरण्याचं विचारलं, हाताचं, ठिपक्यांचं, जिन्याचं. एकेक आठवत गेलं. काही गोष्टी मला वाटल्या त्याहून जुन्या निघाल्या. दोन गोळ्या दिल्या, रक्त तपासायला सांगितलं, पुढच्या बुधवारची वेळ दिली.

बाहेर आले तर हे बाकावर माझी पिशवी दोन्ही हातांनी मांडीवर धरून बसले होते. बाईंनी काय सांगितलं, असं विचारलं. मी शेजारी बसले आणि पहिल्यापासून सांगायला लागले.